सी भाषेतील झोप आणि घड्याळ

प्रोग्रॅमला थोडा वेळ थांबवायचे, ही मागणी साधी दिसत असली तरी १९८९ साली प्रमाणित झालेल्या सी भाषेत त्यासाठी एकही फंक्शन नव्हते. कारण थांबणे म्हणजे प्रोसेसर दुसऱ्या कामासाठी मोकळा करणे, आणि तो अधिकार भाषेचा नसून ऑपरेटिंग सिस्टिमचा असल्याने प्रत्येक सिस्टिमने आपापली सोय लावली. युनिक्सकुळातील ‘स्लीप’ सेकंद घेते, तर विंडोजवरील, मोठ्या ‘एस’ने सुरू होणारे ‘स्लीप’ मिलिसेकंद घेते. म्हणून ५ हा आकडा एकीकडे पाच सेकंदांचा, तर दुसरीकडे त्याच्या हजाराव्या भागाचा ठरतो. २०११ च्या मानकात ‘थ्रेड-स्लीप’ आले खरे, पण ते ज्या थ्रेड-विभागात आहे तो विभागच ऐच्छिक ठेवल्याने ही सुधारणा अर्धवटच म्हणावी लागते.

एककांचा घोळ निस्तरला तरी मूळ अडचण उरतेच. ही फंक्शने सहसा ‘निदान इतका वेळ’ थांबतात, ‘नेमका इतकाच’ वेळ थांबण्याची हमी देत नाहीत. विंडोजचा टाइमर मूळच्या मांडणीनुसार सेकंदाला ६४ ठोके देतो, म्हणजे दोन ठोक्यांत सुमारे १५.६ मिलिसेकंदांचे अंतर पडते आणि एक मिलिसेकंद मागणारा प्रोग्रॅम त्याच्या कितीतरी पट झोपू शकतो. युनिक्सकुळात उलटेही घडते : मध्येच सिग्नल आला की ‘नॅनोस्लीप’ अर्ध्यावर उठते आणि उरलेला वेळ कळवते, पण तो तपासून पुन्हा झोपण्याचे काम प्रोग्रॅमरवर पडते, जे बहुतेकदा राहून जाते.

दर २० मिलिसेकंदांनी सेन्सर वाचायचा असून वाचनाला ३ मिलिसेकंद लागत असतील, तर प्रत्येक फेरीत पूर्ण २० मिलिसेकंद झोपणारा प्रोग्रॅम हजार फेऱ्यांत किमान तीन सेकंद मागे पडतो. यावर उपाय म्हणजे ‘किती वेळ’ऐवजी ‘कोणत्या क्षणापर्यंत’ थांबायचे ते ठरवणे, आणि तो क्षण मोनोटॉनिक घड्याळावर, म्हणजे कोणी तारीख-वेळ बदलली तरी मागे न जाणाऱ्या घड्याळावर मोजणे. लिनक्सवर ‘क्लॉक-नॅनोस्लीप’ हे काम थेट करते. विंडोजवर ‘क्वेरी-परफॉर्मन्स-काउंटर’ वाचून उरलेला अवधी स्वतः काढावा लागतो.

झोप मोजण्यासाठी मानकातील ‘क्लॉक’ मात्र वापरू नये : लिनक्सवर ते प्रोसेसरने खर्चलेला वेळ सांगते, त्यामुळे पाच सेकंदांची झोप तेथे जवळजवळ शून्य दिसते, तर मायक्रोसॉफ्टच्या सी-लायब्ररीत तीच पूर्ण पाच सेकंद भरते.