संगणकाच्या पडद्यावरील खोटे इशारे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा दूरध्वनी आला. ती आता तालुक्याच्या महाविद्यालयात शिकते. शिष्यवृत्तीचे अर्ज घरूनच भरता यावेत, म्हणून तिच्या वडिलांनी एक जुना संगणक विकत घेतला होता. ती घरी नसताना वडील त्यावर जुनी भीमगीते शोधत बसले होते. एकाएकी पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला आणि संगणकात व्हायरस शिरला आहे, संगणक बंद केल्यास सारी माहिती नष्ट होईल, त्वरित खालील क्रमांकावर संपर्क साधा, असा मजकूर झळकला. वडिलांनी संपर्क साधला. पलीकडचा माणूस मोठ्या आदबीने बोलला. त्याने एक सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावले, ‘तपासणी शुल्क’ भरण्यासाठी बँकेचे पान उघडायला लावले, आणि अर्ध्या तासात खात्यातून ९,८०० रुपये गेले. ही गोष्ट वडिलांनी दोन दिवस घरात कोणालाही सांगितली नाही.

आमच्या संगणक कक्षाकडे असे दूरध्वनी आता वारंवार येतात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी व पालक यांच्यासाठी हा विषय थोडा विस्ताराने मांडत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या दिवशी तो लाल पडदा दिसला, तेव्हा संगणकाला काहीही झालेले नव्हते. तो इशारा म्हणजे निव्वळ एक वेबपान होते. भिंतीवर कोणी ‘घराला आग लागली आहे’ असे लिहून गेले, तर घर पेटत नाही. तसाच हा प्रकार. वेबपानाला आपल्या संगणकाची आतून तपासणी करता येत नाही, त्यामुळे अमुक इतके व्हायरस सापडले हे त्याचे विधान मुळातच खोटे असते. मायक्रोसॉफ्टने तर स्पष्टच सांगितले आहे की, त्यांच्या खऱ्या इशाऱ्यांत दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो. पडद्यावर क्रमांक दिसला, एवढ्यावरूनच तो इशारा खोटा ठरवण्यास हरकत नाही. नुकसान झाले ते त्यानंतर, वडिलांनी स्वतःच्या हाताने दार उघडले तेव्हा. अंगुत्तर निकायातील कालाम सुत्त आमच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी ज्या गोष्टींच्या आधारे काहीही स्वीकारू नका असे सांगितले, त्यांत ऐकीव गोष्टी आणि परंपरा यांच्या जोडीने ‘सांगणारा अधिकारी वाटतो’ हेही एक कारण आहे. फसवणूक करणाऱ्यांचा सारा भर नेमका याच कारणावर असतो: कंपनीचे बोधचिन्ह, इंग्रजी मजकूर, आदबशीर आवाज.

अशा उसळून येणाऱ्या खिडकीला पॉप-अप म्हणतात. तिचा जन्म मात्र फसवणुकीसाठी झालेला नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतील ट्रायपॉड या संकेतस्थळासाठी काम करताना एथन झुकरमन यांनी ती तयार केली. एका मोटारनिर्मात्या कंपनीची जाहिरात आक्षेपार्ह मजकुराच्या पानावर झळकली होती. जाहिरात आणि पान यांचा संबंध जोडला जाऊ नये, म्हणून जाहिरातीला स्वतंत्र खिडकी देण्याची ही युक्ती निघाली. २०१४ साली झुकरमन यांनी या शोधाबद्दल जाहीर क्षमा मागितली. तोवर अर्थातच पुष्कळ उशीर झाला होता.

पडदा अडून बसला, तर त्या खिडकीतील कोणतेही बटण दाबू नये. ‘रद्द करा’ हे बटण किंवा तिच्यावर काढलेली फुलीसुद्धा नाही, कारण ती फुली बहुधा चित्रच असते आणि ते दाबले की पुढचे पान उघडते. ‘एस्केप’ कळ काही क्षण दाबून धरल्यास पूर्ण पडदा व्यापलेले पान मूळ आकारात येते. मग ‘ऑल्ट’ व ‘एफ ४’ या कळा एकत्र दाबून ब्राउझर बंद करावा. तेही न जमल्यास ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ व ‘एस्केप’ या तीन कळांनी ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात ब्राउझरचे नाव निवडून ‘एंड टास्क’ करावे. अगदीच काही चालले नाही, तर संगणकाचे मुख्य बटण दाबून धरून तो बंद केला तरी चालेल. ‘संगणक बंद करू नका’ ही धमकी नेमकी हे टाळण्यासाठीच दिलेली असते. ब्राउझर पुन्हा उघडताना तो मागील पाने परत आणू का, असे विचारतो. तेथे नकार द्यावा, अन्यथा तोच लाल पडदा पुन्हा समोर येतो.

हे एकदाच घडले आणि थांबले, तर प्रकरण तेथेच संपले. पण पुष्कळांची तक्रार निराळी असते: पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दर पाच-दहा मिनिटांनी चौकटी उगवत राहतात, ‘तुमचे संरक्षण संपले आहे’, ‘बक्षीस लागले आहे’ वगैरे. लोक याला व्हायरस समजतात आणि दुकानदाराला पाचशे रुपये देऊन संगणक फॉरमॅट करून आणतात. आमच्या अनुभवानुसार हा प्रकार बहुतेक वेळा व्हायरसचा नसतोच. या चौकटी म्हणजे ब्राउझरच्या सूचना असतात आणि त्यांना परवानगी आपणच दिलेली असते. जुन्या प्रश्नपत्रिका, चित्रपट, क्रिकेटचा सामना असे काही फुकट देणाऱ्या पानावर ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे लिहिलेले असते. घाईत ते दाबले जाते. त्या क्षणापासून त्या संकेतस्थळाला आपल्या पडद्यावर हवे ते लिहिण्याचा परवाना मिळतो, मग ते पान आपण पुन्हा कधी उघडो वा न उघडो. चौकटीत बारीक अक्षरांत त्या संकेतस्थळाचे नाव असते. ते वाचण्याची सवय ठेवली, तर निदान सोपे होते.

उपायही तेवढाच सोपा आहे. क्रोममध्ये उजवीकडे वर असलेली तीन टिंबे दाबावीत, ‘सेटिंग्ज’मध्ये जावे, तेथून ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’ आणि शेवटी ‘नोटिफिकेशन्स’. तेथे परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी दिसते. अनोळखी प्रत्येक नाव काढून टाकावे. खरे तर सगळीच काढली तरी काही अडत नाही. संकेतस्थळांनी परवानगी विचारूच नये, अशी सोयही त्याच पानावर आहे.

इतके करूनही जाहिराती थांबल्या नाहीत, मुखपृष्ठ आपोआप बदलले, किंवा ब्राउझर बंद असतानाही खिडक्या उघडू लागल्या, तर मात्र संगणकात काहीतरी शिरले आहे असे मानावे. प्रथम ब्राउझरमधील ‘एक्स्टेन्शन्स’ची यादी पाहावी व आपण न घेतलेली सारी काढावीत. नंतर ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲप्स’ची यादी तारखेनुसार लावावी, त्रास सुरू झाला त्या सुमारास काय आले, ते लगेच दिसते. फुकट सॉफ्टवेअर घेताना भराभर ‘नेक्स्ट’ दाबत गेले की मुख्य वस्तूबरोबर दोन-तीन पाहुणे घरात येतात. महागड्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतींविषयी तर बोलायलाच नको. अशी प्रत चालवण्यासाठी ‘अँटिव्हायरस काही वेळ बंद करा’ अशी सूचना असते, आणि लोक ती पाळतात!

यानंतर संपूर्ण तपासणी करावी. विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ अंगभूतच आहे आणि घरच्या वापरासाठी तो सहसा पुरेसा ठरतो. ‘विंडोज सिक्युरिटी’मधील ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ येथे ‘स्कॅन ऑप्शन्स’ दिसतात. त्यांतील ‘फुल स्कॅन’ला काही तास लागू शकतात. चिवट प्रकारांसाठी तेथेच ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे: संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागी होण्यापूर्वीच सुमारे पंधरा मिनिटे तपासणी चालते, त्यामुळे लपून बसलेल्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही सफाईची साधने विनामूल्य मिळतात. विकतचा अँटिव्हायरस हवाच असेल तर एकच घ्यावा. दोन एकाच वेळी चालवल्यास ते एकमेकांच्या पायांत येतात. पुण्याच्या ‘क्विक हील’चे नाव बहुतेकांना ठाऊक असते. ती कंपनी उभारणारे कैलाश काटकर यांनी आपल्या उमेदवारीची सुरुवात कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीपासून केली होती, हे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

आता सर्वांत गंभीर प्रसंग: अनोळखी माणसाला दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर देऊन बसलो असू तर? सर्वप्रथम इंटरनेट तोडावे. तार काढावी किंवा राउटर बंद करावा. जोडणी तुटताच त्याचा हात आखडतो. नंतर दुसऱ्या साधनावरून, म्हणजे मोबाइलवरून, बँकेला कळवून खाते व कार्ड गोठवावे आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकत असतात; वाटेत ते अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान, तो बँकेला कळवेपर्यंत, त्याचे स्वतःचे असते. कळवल्यानंतर होणारे नुकसान मात्र बँकेने सोसावयाचे असते. कळवण्याच्या वेळेची नोंद म्हणूनच महत्त्वाची. पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्याच साधनावरून, कारण बाधित संगणकावर टाइप केलेला नवा पासवर्ड त्याच्याही हाती पडू शकतो. असा संगणक आवश्यक कागदपत्रे बाजूला काढून पुसून घ्यावा आणि विंडोज नव्याने भरावे, असेच आम्ही सुचवतो. येथे कसर करू नये.

कागदपत्रांचा विषय निघालाच आहे, तर आणखी थोडे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या प्रणालीने जगभरातील संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमधील रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या उणिवेतून ती शिरली, तिच्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिला होता. ज्यांनी ‘अपडेट’ पुढे ढकलले, ते सापडले. जुने संगणक घेणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आहे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो संगणकापासून वेगळा, कपाटात ठेवावा. जोडून ठेवलेला पेनड्राइव्हही बाधित होतो.

त्या विद्यार्थिनीच्या वडिलांचे दोन दिवस संकोचात गेले. ‘शिकलेल्या मुलीला काय तोंड दाखवू,’ असे ते आम्हांला म्हणाले. घरातील वडीलधाऱ्यांना मुलांनी कधी ‘तुम्हांला काही कळत नाही’ असे म्हटले असेल, तर पुढच्या वेळी ते फसले तरी सांगणार नाहीत, आणि पैसे अडवण्याची वेळ निघून जाईल. तिने मात्र ऐकल्याबरोबर १९३० वर तक्रार नोंदवली आणि खाते गोठवले. दुसऱ्या दिवशी आणखी रक्कम काढण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. सुट्टीनंतर दोघे संगणक घेऊन शाळेत आले. पुसण्यापूर्वी आम्ही सूचनांची यादी उघडून पाहिली, तर तेवीस अनोळखी संकेतस्थळांना परवानगी दिलेली आढळली. त्यांतील एकोणीस तिने स्वतःच प्रश्नपत्रिका शोधताना दिलेल्या होत्या. वडील ते पाहून प्रथमच हसले. शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच दुपारी आमच्या संगणक कक्षातून भरला. ९,८०० रुपये अद्याप परत आलेले नाहीत. तक्रारीचा क्रमांक वडिलांनी घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवला आहे.