शी-शूचे नियम कोणी पाळायचे?

लेखमाला : पाळणाघर ते बालवाडी – लेखांक ७

मागच्या आठवड्यात मुलांच्या दुपारच्या जेवणाचा विचार केला. त्यापुढचा विषय ओघानेच येतो. चारचौघांत तो टाळला जातो, म्हणूनच त्यावर सविस्तर लिहायला हवं. पाळणाघरात किंवा नर्सरीत नाव घालताना पालकांच्या हाती नियमांची जी छापील यादी पडते, तिच्यात शी-शूबद्दल दोन-तीन वाक्यं हमखास असतात. मूल शी-शू सांगणारं असावं. दप्तरात दोन जादा चड्ड्या असाव्यात. कपडे वारंवार खराब होत असतील तर पालकांना बोलावून घेतलं जाईल. यातला प्रत्येक नियम मुलाने किंवा त्याच्या आईवडिलांनी पाळायचा असतो. मुलाला धुणाऱ्या मावशींनी हात कधी आणि कशाने धुवावेत, ओली चड्डी कुठे ठेवावी, घाबरलेल्या मुलाशी काय बोलावं, याबद्दल मात्र यादीत अवाक्षर नसतं. माझं म्हणणं असं आहे की ही यादी उलट बाजूने लिहायला हवी. दोन-तीन वर्षांच्या मुलाला या बाबतीत हुकमी पाळता येईल असा नियम जवळजवळ नाहीच. जे पाळता येण्याजोगे आहेत, ते सगळे त्याला सांभाळणाऱ्या मोठ्या माणसांचे आहेत.

आधी मुलाच्या शरीराकडे पाहू. शू लागल्याचं कळणं, ती थोडा वेळ धरून ठेवता येणं, मोरीपर्यंत चालत जाता येणं, चड्डी खाली ओढता येणं आणि या सगळ्याच्या आधी कोणाला तरी सांगता येणं, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच दिवशी येत नाहीत. साधारण दीड वर्षापासून तीन वर्षांपर्यंत त्या एकेक करून जमत जातात. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मुलाची तयारी पाहून, घाई न करता शिकवलेल्या या मुलांना दिवसाचा ताबा सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना आला होता. सरासरी म्हणजे कित्येकांना तो त्याच्याही बराच नंतर आला. मग दोन वर्षांच्या मुलाला ‘सांगणारं असावं’ अशी अट घालण्याला काय आधार राहतो? लवकर सुरुवात केली की लवकर संपतं, असंही नाही. अमेरिकेतच २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की सत्तावीस महिन्यांच्या आत जोरात शिकवायला घेतलेली मुलं आधी तयार झाली नाहीत. त्यांचा शिकण्याचा काळ तेवढा लांबला. झोपेतला ताबा तर आणखी उशिरा येतो. पाच वर्षांच्या मुलांमध्येही साधारण शंभरात पंधरा ते वीस जण रात्री अंथरूण ओलं करतात आणि त्यात आजार काही नसतो. तीन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात जेमतेम दीडशे मिलिलिटर मावतं. हे मूल खेळात रमलं आणि वेळेवर सांगायला विसरलं, तर त्याने शिस्त मोडली असं म्हणता येत नाही.

यावर घराघरांतून येणारा आक्षेप असा की आमच्या आज्या तर वर्षाच्या आतच मुलांना सवय लावायच्या. हे खोटं नाही. दोन्ही पावलं जोडून त्यांवर बाळाला बसवायचं, तोंडाने शूऽऽ असा आवाज काढायचा आणि काम झालं की लगेच धुऊन घ्यायचं, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आणि ती लागू पडायची. पण त्यात शिकलेली असायची ती आजी. बाळाचा चेहरा लाल झाला, ते कण्हलं, खेळता खेळता थबकलं, दूध पिऊन इतका वेळ झाला, हे सगळं तिच्या लक्षात असायचं आणि ती त्याला वेळेवर उचलायची. एका बाळावर एका अनुभवी बाईची दिवसभर नजर, हे त्या रीतीचं खरं भांडवल होतं. दहा-बारा मुलांमागे एक ताई असलेल्या खोलीत ती नजर आपोआप मिळत नाही, आणि तिची उणीव मुलाला रागावून भरून निघत नाही. त्या रीतीतून पाळणाघराने घ्यायचं ते वेळेचं भान. जेवण पोटात गेलं की आतडी हलायला लागतात, म्हणून जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी मुलांना बसवून पाहावं. डायपरच्या बाबतीतही आज्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. ओलं झाल्याचं मुलाला कळूच न देणारा डायपर दिवसभर बांधून ठेवला तर शिकणं लांबू शकतं. तो झोपेपुरता आणि प्रवासापुरता ठेवावा, बाकी वेळ सुती चड्डी बरी. मात्र चड्डी जास्त वेळा ओली होणार, हे ताईंनी आणि पालकांनी आधीच मनाशी धरलेलं असावं.

दुसरा आक्षेप याहून कठोर आहे. थोडी लाज वाटल्याशिवाय, थोडा धाक असल्याशिवाय मुलं शिकत नाहीत, असं अनेक भली माणसंही मानतात. ‘शेम शेम’ म्हणून हसणं, ओल्या चड्डीनिशी कोपऱ्यात उभं करणं, सगळ्यांदेखत आईकडे तक्रार करणं हे त्यातूनच येतं. धाकाने नेमकं काय होतं ते पाहावं. ओरडा बसलेलं मूल शी दाबून धरायला लागतं. दाबली की ती आतच घट्ट आणि कोरडी होते. मग ती होताना दुखतं. दुखलं म्हणून मूल पुढच्या वेळी आणखी दाबतं. पाय आवळून, टाचा उंचावून, पडद्याआड उभं राहिलेलं मूल जोर लावतंय असं मोठ्यांना वाटतं, प्रत्यक्षात ते बऱ्याचदा शी अडवत असतं. महिनाभर असं चाललं की आतडं ताणलं जातं, लागल्याची जाणीव बोथट होते आणि साठलेल्या शीच्या कडेने पातळ शी नकळत चड्डीत झिरपते. त्यावरून मुलाला पुन्हा बोलणी बसतात. शू दाबण्याचंही तेच. त्यातून लघवीच्या जंतुसंसर्गाची वाट मोकळी होते. म्हणून ‘मधल्या सुट्टीतच जायचं’ हा नियम या वयात नकोच. ठरावीक वेळी सगळ्यांना विचारावं, पण ज्याला मध्येच लागली त्याला कोणी अडवू नये. मुलं जागेलाही घाबरतात. मोठ्यांच्या मापाच्या भारतीय संडासावर त्यांचे पाय पुरेसे फाकत नाहीत आणि मधलं भोक त्यांना खोल वाटतं. कमोडवर बसवलं तर पाय अधांतरी लोंबतात आणि जोर लावता येत नाही. पायाखाली एक पाट ठेवला, वर लहान बैठक बसवली, तर बराचसा प्रश्न सुटतो.

पण मूल शिकेपर्यंत कुठेतरी शी होणारच, आणि ती कोणीतरी धुणारच. रोगराईचा सगळा प्रश्न त्या धुणाऱ्या हातांपाशी येऊन ठेपतो. लहान बाळाची शी काय, तिने काही होत नाही, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. रोटाव्हायरससारखे जुलाबाचे जंतू लहान मुलांच्याच शीतून सर्वाधिक पसरतात. एका मुलाला धुताना काय काय होतं ते पाहा. मावशी डाव्या हाताने धुतात, उजव्या हातात टमरेल. मग तोच डावा हात नळाच्या चावीला लागतो, दाराच्या कडीला लागतो, चड्डी वर ओढतो. हात नुसत्या पाण्याखाली धरले जातात आणि खिळ्याला टांगलेल्या एकुलत्या एका नॅपकिनला पुसले जातात. तोच नॅपकिन पाच मिनिटांनी जेवणाआधी हात धुतलेल्या मुलांना मिळतो. मुलांचे हात धुतलेले असतात, नियम पाळलेला असतो, आणि तरी जंतू पोटात जातात. अमेरिकेत अटलांटाजवळच्या चार पाळणाघरांतला एक अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. दोन ठिकाणी आल्यावर, शी-शूनंतर आणि खाण्याआधी हात धुण्याची शिस्त घालून दिली होती. ती मुलांना होती, तशीच सांभाळणाऱ्यांनाही होती. तिथलं जुलाबाचं प्रमाण उरलेल्या दोन पाळणाघरांच्या मानाने जवळपास निम्मं राहिलं. कोणी म्हणेल, अमेरिकेतलं आपल्याला काय लागू! तर कराचीच्या झोपडवस्त्यांमधला अभ्यास आहे, २००५ साली प्रसिद्ध झालेला. साबण देऊन तो वापरण्याची सवय लावलेल्या घरांत मुलांचे जुलाब निम्म्याहून थोडे जास्तच घटले, पाच वर्षांखालच्या मुलांमधला न्यूमोनियाही निम्म्यावर आला. त्यात साधा साबण आणि महागडा जंतुनाशक साबण यांच्या परिणामात फरक आढळला नाही. म्हणजे खर्च साबणाच्या एका वडीचा आहे. हाताला शी लागलेली असताना सॅनिटायझर त्या वडीची जागा घेऊ शकत नाही.

अंगणवाडीत हा प्रश्न आणखी अवघड होतो. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. सर्वसाधारण अंगणवाडीत एक सेविका आणि एक मदतनीस. मुलांना घरून आणायचं, खोली झाडायची, पाणी भरायचं, मूल घाण झालं तर धुवायचं आणि बहुतेक ठिकाणी आहार शिजवून वाढायचाही, हे सगळं त्या एकाच मदतनीस ताईंकडे. शी धुणारे आणि खिचडी वाढणारे हात एकच असतात, हा त्या बाईचा दोष नाही, कामाच्या वाटणीचा दोष आहे. दुसरी बाई नेमेपर्यंत निदान एवढा नियम करता येतो, की आहार शिजवून वाढून होईपर्यंत मुलांना धुण्याचं काम सेविकेने करायचं. इथे माझ्या मते खरी अडचण पाण्याइतकीच मनाचीही आहे. शी धुणं हे हलकं काम आणि ते ‘खालच्या’ माणसाचं, ही समजूत जातीने आपल्या अंगात मुरवली आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. ज्या वस्त्यांमधली मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती त्यांच्या अंगणात बालवाडी नेली गेली, आणि मुलांना स्वच्छ करणं हा शिक्षिकेच्याच कामाचा भाग धरला गेला. शिकवणारी वेगळी आणि धुणारी वेगळी ही फारकत अंगणवाडीच्या मुळात नाही. ती आपण नंतर केली.

आता पाळणाघर चालवणाऱ्यांची बाजू. त्या म्हणतात, पंधरा मुलं, दोन मावश्या, दोन खोल्यांचं भाडं. न सांगणारी मुलं घेतली तर आम्ही दिवसभर मोरीतच राहू. ही अडचण खरी आहे आणि तिला उपदेशाने उत्तर देता येणार नाही. पण मग अट मुलाच्या वयावर न घालता संख्येवर घालावी. न सांगणारी चारच मुलं घेऊ, पाचव्यासाठी आणखी एक मावशी लागेल आणि तिचा पगार फीमध्ये धरू, असं पालकांना उघड सांगावं. पालकांनीही ते मान्य करावं. कमीत कमी फी आणि जास्तीत जास्त लक्ष या दोन अपेक्षा एकत्र नांदत नाहीत. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन येण्याची मुभा दिली. बाळंतपणाच्या सव्वीस आठवड्यांच्या रजेनंतर कामावर परतणाऱ्या आईचं मूल सहा महिन्यांचं असतं. तिथे ‘सांगणारं मूल’ मागणारं पाळणाघर त्या आईच्या उपयोगाचं नाही. शिवाय अशा अटीपायी पालक खोटं सांगतात, आणि मूल पहिल्याच आठवड्यात त्या खोट्याची किंमत ओरडा खाऊन चुकवतं.

मुलाच्या सुरक्षिततेची काळजी हल्ली प्रत्येक पालकाला असते, आणि ती रास्त आहे. मुलाला धुवायला कोण नेणार हे ठरलेलं असावं, ती व्यक्ती मुलाच्या ओळखीची असावी, आतून कडी लावू नये, पाहुण्या किंवा हंगामी माणसाकडे हे काम कधीही देऊ नये. ‘आता मी तुला धुणार हं’ असं सांगूनच हात लावावा, म्हणजे आपल्या शरीराला कोणी विचारल्याशिवाय हात लावत नाही हे मुलाला बोलायला येण्याआधीच कळू लागतं. ताब्यातल्या मुलाला शारीरिक किंवा मानसिक त्रास देणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे, हेही सांभाळणाऱ्यांना माहीत असलं पाहिजे.

पालकांना एक विनंती. पाळणाघर बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं आणि खेळणी पाहून परतू नका. मोरी दाखवा म्हणा. साबण मुलाच्या हाताला येईल इतका खाली आहे का, तो ओला आहे का, की कागदातून काढलेलाच नाही, हे बघा. पुसायला प्रत्येकाचा वेगळा रुमाल आहे का, ते बघा. मुलाने कपड्यांत शी केली तर तुम्ही काय करता, असं संचालिकांना न विचारता तिथल्या मावशींना विचारा, आणि त्या उत्तर देताना शेजारी उभी असलेली मुलं कशी उभी आहेत तिकडे लक्ष ठेवा. प्रवेशाचा निर्णय त्यानंतर घ्या.