‘आता वयच झालं’

घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या दुखण्याचं पहिलं निदान दवाखान्यात होत नाही, ओसरीवर होतं: ‘आता वयच झालं.’ हा शेरा मुलं देतात तसेच आजी-आजोबाही देतात. आपल्यापायी कुणाला रजा काढावी लागू नये म्हणून. उपचारांच्या वाटेतला पहिला अडसर तोच.

‘म्हातारपणी हे व्हायचंच.’ काही गोष्टी वयाने होतात, खरं आहे. पण दोन दिवसांत माणूस असंबद्ध बोलू लागला, माणसं ओळखेना, जेवण एकदम तुटलं, तर ते वय नव्हे. उतारवयात लघवीचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग तापाशिवायही होतो; कधीकधी गोंधळलेपण हेच त्याचं पहिलं लक्षण असतं. हृदयविकाराचा झटकासुद्धा छातीत न दुखता, नुसती धाप लागून किंवा गळून जाऊन येऊ शकतो.

‘मोतीबिंदू पिकू दे.’ हा सल्ला एके काळी डॉक्टरच देत. तेव्हा अख्खं भिंग काढत, टाके पडत आणि पुढे जाड काचांचा चष्मा. आता फेको पद्धतीत भिंगाचे बारीक तुकडे करून ते शोषून घेतात आणि जागी कृत्रिम भिंग बसवतात. फार पिकलेला, कडक मोतीबिंदू उलट अवघड जातो. आणि पिकण्याची वाट बघताना अंधुक नजरेने न्हाणीघरात पाय घसरतो, त्याचं काय?

‘सत्तरीनंतर कार्ड मिळतं, मग खर्च कसला?’ 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी पूर्ण केलेल्यांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. संरक्षण वर्षाला 5 लाख रुपयांचं, तेही कुटुंबामागे. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून. शिवाय ते योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यावरच. बीपी-शुगरची रोजची गोळी, ओपीडीतली तपासणी, कानाचं यंत्र, रिक्षाभाडं, सोबत आलेल्या सुनेचा बुडालेला रोज यांतलं काही कार्डात बसत नाही. म्हातारपण खिसा रिकामा करतं ते बहुधा याच किरकोळीत. कार्ड जरूर काढा, पण त्याच्या भरवशावर महिन्याच्या गोळ्या थांबवू नका.

‘ठसे उमटत नाहीत, म्हणजे कार्ड निघणार नाही.’ खुरपण्यात आणि भांडी घासण्यात बोटांच्या रेषा झिजतात. पण ओटीपी, डोळे किंवा चेहरा यांवरूनही ओळख पटवता येते. घोडं अडतं ते आधारवर चुकीचं वय लागल्यामुळे, नाहीतर मुलाचा बंद पडलेला नंबर जोडलेला असल्यामुळे. ते आधी दुरुस्त करून घ्या.

‘65 नंतर आरोग्यविमा मिळत नाही.’ ही वयाची अट 1 एप्रिल 2024 पासून गेली. विमा कंपनीचा नकार देण्याचा अधिकार आणि हप्त्याचा आकडा मात्र आहेत तिथेच आहेत.

‘एसटी फुकट आहे की!’ महाराष्ट्रात पंचाहत्तरीपुढे आहे, राज्याच्या हद्दीत. पण एसटी फाट्यावर सोडते. तिथून दवाखान्यापर्यंत आणि दवाखान्यात रांगेत उभं राहायला माणूस लागतो. सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग ठेवण्याची तरतूद ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या 2007 च्या कायद्यातच आहे. ती दिसली नाही तर खिडकीवर विचारा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567.