चोरदिंडीतून शिरणारा विषाणू

‘मेंदूभोवती म्हणे भिंत असते. मग पोटरीला कुत्रा चावला, तर रेबीजचा विषाणू मेंदूत पोचतो कसा?’ एका वाचकाचा हा प्रश्न.

भिंत आहे, आणि भक्कम आहे. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात, की ग्लुकोजलाही त्यांच्या फटीतून निसटता येत नाही. वाहक प्रथिनाचा हात धरूनच आत यावे लागते.

या भिंतीचा सुगावा लागला रंगांमुळे. १८८५ मध्ये पॉल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. बाकीचे अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. मेंदू रंग धरतच नसावा, असे त्यांना वाटले. पुढे त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमान यांनी मेंदूभोवतीच्या द्रवात निळा रंग सोडला आणि मेंदू निळा झाला! रंग मेंदूला चालत होता. रक्तातून तिथवर वाट नव्हती.

बहुतेक पुस्तके ही गोष्ट इथेच संपवतात, आणि लीना श्टेर्न राहून जातात. जिनिव्हा विद्यापीठातल्या या पहिल्या महिला प्राध्यापक. ‘रक्त-मेंदू अडसर’ ही संज्ञा १९२१ मध्ये त्यांनी रूढ केली. त्याहून मोलाचे म्हणजे, हा अडसर नुसता अडवत नाही, तो निवड करतो, मेंदूतले वातावरण सांभाळतो, हे त्यांनी आग्रहाने मांडले. १९२५ मध्ये त्या मॉस्कोला गेल्या, १९३९ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या पहिल्या महिला पूर्ण सदस्य झाल्या. दहा वर्षांनी ज्यू फॅसिस्टविरोधी समितीच्या प्रकरणात त्यांना अटक झाली. १९५२ च्या ऑगस्टमध्ये तेरा सहआरोपींना गोळ्या घातल्या; श्टेर्न यांच्या वाट्याला हद्दपारी आली. एर्लिश यांचे नाव अनेकांना ठाऊक असते. श्टेर्न यांचे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनीही क्वचितच ऐकलेले असते, याची मला फार खंत वाटते.

आता रेबीजकडे. एचआयव्ही पांढऱ्या पेशींच्या पोटात दडून हा अडसर ओलांडतो. रेबीज त्या वाटेला जातच नाही. आपल्या डोंगरी किल्ल्यांना महादरवाजा असतो, तशी कड्याच्या बाजूला चोरदिंडीही असते. रेबीजची चोरदिंडी म्हणजे नस. चाव्याच्या जागी स्नायूला भिडलेल्या मज्जातंतूच्या टोकाशी तो चिकटतो. त्या तंतूत डायनीन नावाची प्रथिने टोकाकडचा माल पेशीच्या मुख्य भागाकडे सतत वाहून नेत असतात. विषाणू त्याच हमालांच्या पाठीवर बसतो. पोटरीतून मज्जारज्जू, तिथून मेंदू. रक्ताशी संबंधच नाही, म्हणून अडसराशी गाठही पडत नाही.

पुढचे वळण मला सर्वांत थक्क करते. विषाणू आत पोचल्यावरही अडसर बंदच राहतो, आणि मदतीला धावलेल्या प्रतिकारपेशी बाहेर खोळंबतात. रेबीजचा सौम्य विषाणू दिलेल्या उंदरांमध्ये अडसर उघडला, पेशी आत गेल्या, उंदीर जगले. वटवाघळांतला जहाल विषाणू दिलेल्यांमध्ये तो पुरेसा उघडलाच नाही, आणि उंदीर मेले. मेंदूला जपणाऱ्या निवडीनेच इथे घात केला.

म्हणून रेबीजला नसेत शिरण्याआधीच गाठायचे असते. लस दंडात देतात, पण तयार अँटिबॉडींचे इंजेक्शन जखमेतच टोचतात, कितीही दुखले तरी. त्याच्याही आधी पंधरा मिनिटे साबण आणि वाहते पाणी: या विषाणूचे वेष्टन चरबीचे असते, आणि साबणाने ते फाटते.