हात तोच, नजर नवी

अमेरिकेतील बेसबॉलपटू जस्टिन वरलँडर ३४ व्या वर्षी, ऑगस्ट २०१७ अखेर, डेट्रॉइट संघातून ह्यूस्टन संघात गेला. त्या हंगामात डेट्रॉइटकडून नऊ डावांमागे त्याच्या गोलंदाजीवर सरासरी ३.८२ धावा निघत. ह्यूस्टनच्या पहिल्या पाच सामन्यांत १.०६. हात तोच होता. नव्या संघाने वेगवान कॅमेऱ्यातून चेंडू सुटताना दाखवला, तेव्हा त्याने पकड किंचित बदलली. पुढे ३९ व्या वर्षीही तो सर्वोत्तम गोलंदाज ठरला.

वाचकहो, घरातील ज्येष्ठांची चाल मंदावली की आपण ‘वय झाले’ म्हणून मोकळे होतो. त्याआधी दृष्टी, पादत्राणे, उभे राहिल्यावरचा रक्तदाब आणि चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्या. वय बदलत नाही. उपाय पुष्कळदा सापडतो.