आचऱ्याच्या हवेत मेगाहर्ट्झची किंमत

आचऱ्यासारख्या किनारी गावात ग्राफिक्स कार्ड ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. कॉलेजची मुले गेम खेळायला ते घेतात, पण त्याहून गरजू गिऱ्हाईक म्हणजे व्हिडिओचे काम करणारे तरुण. रामेश्वराच्या देवळातले उत्सव, दशावताराची नाटके, लग्नसमारंभ, मालवण-तारकर्लीच्या पाण्याखालची चित्रणे, आणि दर काही वर्षांनी गुराढोरांसकट अख्खे गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर नेणारी गावपळण, हे सगळे आज कॅमेऱ्यात आणि ड्रोनमध्ये टिपले जाते, घरच्या संगणकावर जुळवले जाते आणि यूट्यूबवर चढते. असा संगणक बांधायला काढला की दुकानदार कणकवलीचा असो नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा, कोटेशनमध्ये एकाच कार्डाच्या दोन ओळी दिसतात. नाव तेच, मेमरी तेवढीच. दुसऱ्या ओळीत नावापुढे ‘ओसी’ ही दोन अक्षरे आणि किंमत थोडी चढी. कारखान्यातूनच ओव्हरक्लॉक होऊन आलेले, म्हणजे नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालायला बसवलेले, ते हे कार्ड. त्यासाठी जादा पैसे मोजावेत का? माझे उत्तर असे की निव्वळ वेगाच्या त्या आकड्यासाठी मोजू नयेत, आणि आचऱ्यासारख्या ठिकाणी तर मुळीच नाही. ते पैसे कार्ड थंड, कोरडे आणि स्थिर विजेवर ठेवण्यासाठी लावावेत. हे का, ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

आधी हा आकडा येतो कुठून ते पाहू. एनव्हिडिया किंवा एएमडी या कंपन्या मुख्य चिप तयार करवून घेतात. आसुस, गिगाबाइट, एमएसआय यांच्यासारख्या कंपन्या ती चिप विकत घेऊन तिच्याभोवती बोर्ड, हीटसिंक आणि पंखे बसवतात. चिपचा मूळ वेग चिपवाली कंपनी ठरवते आणि कार्डवाल्या कंपनीला तो थोडा वाढवण्याची मुभा असते. एकाच बागेतले आंबे उतरवल्यावर वजनाप्रमाणे वेगवेगळ्या पेट्यांत भरले जातात, तशाच एकाच साच्यातल्या चिपाही गुणाने थोड्या उजव्या-डाव्या निघतात. उजव्या चिपा महागड्या मॉडेलांत जाऊ शकतात. मात्र चिप चालू असताना कायम एकाच वेगाने पळते असे नाही. २०१२ मध्ये जीटीएक्स ६८०बरोबर एनव्हिडियाने ‘बूस्ट’ ही पद्धत आणली. तेव्हापासून कार्ड स्वतःचे तापमान आणि वापरली जाणारी वीज क्षणाक्षणाला मोजते, वाव असेल तेवढा वेग चढवते आणि वाव संपला की पायरीपायरीने उतरवते. डब्यावर छापलेला आकडा म्हणजे ठरावीक परिस्थितीत अपेक्षित असलेला वेग. आपल्या खोलीत तेवढाच मिळेल, असे त्यात कुठेही लिहिलेले नसते.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. जून २०२३ मध्ये आलेले आरटीएक्स ४०६० हे मध्यम खिशाचे, भरपूर खपलेले कार्ड. एनव्हिडियाने ठरवलेला त्याचा बूस्ट वेग २,४६० मेगाहर्ट्झ. गिगाबाइटच्या ‘विंडफोर्स ओसी’ मॉडेलवर तो २,४७५, ‘गेमिंग ओसी’वर २,५५० आणि त्याच कंपनीच्या ‘ऑरस एलिट’वर २,६५५ आहे. टक्क्यांत मांडले तर वाढ अनुक्रमे अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त, पावणेचार टक्क्यांच्या आत आणि आठ टक्क्यांच्या आत. एखादा गेम साध्या कार्डावर सेकंदाला ६० चित्रे दाखवत असेल आणि वेगातली सगळी वाढ पदरात पडली असे धरले, तरी पहिले मॉडेल ६० ऐवजी साडेसाठच्या आत, दुसरे ६२ आणि तिसरे जेमतेम ६५ चित्रे दाखवील. ६० आणि ६२ यांतला फरक खेळणाऱ्याच्या डोळ्यांना कळत नाही. तो कळतो फक्त मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला. याउलट एक पायरी वरचे ४०६० टीआय पाहा. ४०६०मध्ये गणित करणारे ३,०७२ कोअर आहेत, टीआयमध्ये ४,३५२. नुसत्या गणिती ताकदीत टीआयची बरोबरी करायची तर ४०६०ला ३,५०० मेगाहर्ट्झच्याही वर पळावे लागेल, आणि तसे कोणतेही कारखानी ओव्हरक्लॉकिंग करत नाही. म्हणून ‘ओसी’चा जादा भाव चढत चढत वरच्या कार्डाच्या किमतीजवळ गेला, तर तो सौदा सरळसरळ तोट्याचा.

शिवाय कागदावरची ही वाढसुद्धा कामात पुरती उतरत नाही. कारखान्यात सहसा चिपचा वेग वाढवतात, मेमरीचा नाही. ४०६०ची मेमरी सेकंदाला २७२ गिगाबाइट माहिती पुरवते आणि ‘ओसी’ छापल्याने तो प्रवाह रुंदावत नाही, त्यामुळे मेमरीची वाट पाहणाऱ्या कामांत वाढलेला वेग वाया जातो. व्हिडिओचे काम करणाऱ्यांनी तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तयार झालेली फिल्म एचइव्हीसी किंवा एव्ही१ स्वरूपात बाहेर काढण्याचे काम चिपमधला एक स्वतंत्र भाग करतो. तो साध्या आणि ‘ओसी’ दोन्ही कार्डांत एकच असतो. गावपळणीचे चार तासांचे ड्रोन चित्रण टाइमलाइनवर अडखळत असेल, तर बहुतेक वेळा मेमरी कमी पडते, संगणकाची रॅम अपुरी असते किंवा फाइल जुन्या हार्ड डिस्कवर असते. पन्नास-शंभर मेगाहर्ट्झने यातले काहीच सुटत नाही.

इथपर्यंतचा हिशेब पुण्याला आणि आचऱ्याला सारखाच लागू आहे. फरक पडतो तो हवेमुळे आणि विजेमुळे. कार्डांच्या चाचण्या बहुधा वातानुकूलित खोलीत, वीस-पंचवीस अंशांत होतात. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर मे महिन्यात दुपारी पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो आणि कौलारू घराच्या माळ्यावरच्या खोलीत त्याहून वर. खोली दहा अंशांनी तापली की पंख्याचा वेग तोच असताना कार्डही साधारण तेवढेच जास्त तापते. मग पंखे वाढतात, आवाज वाढतो आणि बूस्टच्या पायऱ्या उतरू लागतात. वेग वाढवण्याची किंमतही सरळ प्रमाणात लागत नाही. चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग पाच टक्क्यांनी वाढवायला व्होल्टेज तीन टक्क्यांनी चढवावे लागले, तर वीज आणि उष्णता सुमारे अकरा टक्क्यांनी वाढते. एसीच्या खोलीत हे खपून जाते. उकाड्यात ते प्रत्येक वेळी पंख्यांच्या घरघरीतून जाणवते.

उष्णतेपेक्षा मोठा वैरी खारा वारा आहे. समुद्रावरून येणाऱ्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. हवेतली आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या पुढे गेली की मिठाचा कण हवेतलेच पाणी ओढून घेतो आणि त्यात विरघळतो. कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता याच्या खाली क्वचितच उतरते. जांभ्याची लाल धूळ हीटसिंकच्या पात्यांमध्ये बसते, तिच्यात हे खारट पाणी मुरते आणि वर्षा-दोन वर्षांत पात्यांच्या कडांवर पांढरट भुकटी आणि तांब्यावर हिरवट डाग दिसू लागतात. कार्डाचा स्लॉटला टेकणारा सोनेरी भाग आणि वीज देणारी पिन यांवरही हेच घडते. चालू असलेले यंत्र स्वतःच्या उष्णतेने आजूबाजूची हवा थोडी कोरडी ठेवते. खरा धोका पावसात आठवडाभर बंद पडून राहिलेल्या यंत्राला असतो. जास्त वेगाच्या कार्डाला जास्त वारा खेचावा लागतो, म्हणजे धूळ आणि मीठही जास्त. त्यात वॉरंटीच्या अटींमधून गंज आणि ओलाव्याचे नुकसान बहुतेकदा वगळलेले असते. विजेबद्दल किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने खांब आडवे केले तेव्हा सिंधुदुर्गातली कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. ते टोक झाले. पण वळिवाच्या गडगडाटात लाईट जाणे-येणे, कमी-जास्त होणारे व्होल्टेज आणि उन्हाळ्यात कोरड्या कातळावर नीट न लागणारे अर्थिंग हे नेहमीचेच आहे.

वेग काठावर नेऊन ठेवला की काय होऊ शकते, याचे एक उदाहरण नोंदलेले आहे. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० बाजारात आले आणि पहिल्या काही दिवसांतच, विशेषतः ओव्हरक्लॉक केलेल्या मॉडेलांवर, गेम मध्येच बंद पडू लागले. बूस्ट दोन हजार मेगाहर्ट्झच्या आसपास गेला की हे घडत होते. ईव्हीजीए या कंपनीने चिपमागच्या कपॅसिटरांची एक रचना आपल्या चाचण्यांत टिकली नसल्याचे जाहीर केले, आणि महिना संपायच्या आत एनव्हिडियाने नवा ड्रायव्हर आणून प्रश्न बव्हंशी मिटवला. पण यावरून ‘ओसी’ कार्डे लवकर जळतात असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. जुलै २०२१ मध्ये ‘न्यू वर्ल्ड’ या गेमच्या चाचणीत काही महागडी ३०९० कार्डे बंद पडली, तेव्हाही लोकांनी वेगाला दोष दिला. तपासात ईव्हीजीएला आपल्या कार्डांच्या सोल्डरिंगमधला दोष सापडला. म्हणजे कारखानी ओव्हरक्लॉकिंग धोकादायक नसते, मात्र ते चुकीला ठेवलेली जागा थोडी कमी करते. जिथे हवा आणि वीज दोन्ही आधीच ती जागा खात असतात, तिथे ती मुद्दाम आणखी कमी करण्यात शहाणपण नाही.

यावर जाणकार सर्वात वजनदार आक्षेप घेतात तो असा: महाग ‘ओसी’ मॉडेलात नुसता वेग नसतो, मोठा हीटसिंक, तिसरा पंखा आणि वीज पुरवणारे चांगले भाग असतात, मग उष्ण प्रदेशात तेच घ्यायला नको का? आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्याच मुद्द्याकडे येतो. पैसे द्यायचे ते हीटसिंकला, आकड्याला नाही. आणि ‘ओसी’ लिहिले म्हणजे हीटसिंक मोठा, असे समीकरण नाही. आसुसच्या ‘ड्युअल’ मालिकेत ४०६० साध्या आणि ‘ओसी’ दोन्ही रूपांत मिळते. पंखे दोनच, सांगाडा तोच. डब्यावरच्या मॉडेल क्रमांकात ‘८जी’च्या आधी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर असले की ते ओसी. आतला फरक असतो कार्डाच्या बायोसमध्ये लिहिलेल्या आकड्याचा. म्हणून दुकानात विचारायचे ते मेगाहर्ट्झ नव्हे. हीटसिंक किती जाड, पंखे किती, बोर्डाच्या मागे धातूची पाटी आहे का, बायोसला शांत चालण्यासाठी वेगळा खटका आहे का, हे विचारावे.

दुसरा आक्षेप वॉरंटीचा. कारखान्याने वेग वाढवला तर जबाबदारी कंपनीची. घरी वाढवला तर आपली, असे म्हणतात. हे बरोबर आहे, पण सिंधुदुर्गात वॉरंटीचा अर्थ कार्ड कुरियरने मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरला पाठवणे आणि ते परत येईपर्यंत थांबणे असा होतो. लग्नसराईत व्हिडिओवाल्याला ते आठवडे परवडत नाहीत. इथे वॉरंटी वापरावी लागू नये यातच खरा फायदा आहे. आणि त्यासाठी घरी करण्यासारखी गोष्ट नेमकी उलटी आहे: एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन विजेची मर्यादा दहा-पंधरा टक्क्यांनी खाली आणावी. वर सांगितलेल्या व्होल्टेजच्या वर्गाच्या नियमामुळे वीज जेवढी घटते, त्या मानाने वेग फारच थोडा घटतो. कार्ड थंड राहते, पंखे शांत होतात आणि ६०० व्हीएचा साधा यूपीएस, जो सहसा ३६० वॉटच्या आसपासच भार पेलतो, तोही फाइल वाचवून संगणक बंद करण्यापुरता साथ देतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: पुष्कळदा साधे मॉडेल दुकानात नसतेच किंवा दोन्हींची किंमत सारखीच असते. तेव्हा ‘ओसी’ खुशाल घ्यावे. माझा विरोध त्या कार्डाला नाही, त्या दोन अक्षरांसाठी वेगळे पैसे मोजण्याला आहे. समजा दोन्हींत अडीच हजारांचा फरक आहे. तेवढ्या रकमेतून संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसची, तीही चांगल्या कंपनीची, एक वरची श्रेणी मिळते, किंवा कॅबिनेटला पुढून हवा आत घेणारे आणि मागून बाहेर टाकणारे पंखे आणि धुता येणारी जाळी मिळते. रक्कम थोडी वाढवली तर साधा यूपीएस येतो. उरलेल्या पैशांत वायरमनकडून अर्थिंग तपासून घेता येते. या प्रत्येक खर्चाचा लाभ कार्डापुरता राहत नाही. मदरबोर्ड, डिस्क आणि तिच्यावरचे काम या सगळ्यांना तो मिळतो.

म्हणून खरेदीचा क्रम असा असावा. प्रथम काम ठरवावे आणि त्या कामाला पुरेल एवढ्या मेमरीचे आणि कोअरचे कार्ड निवडावे. त्या किमतीत ज्याचा हीटसिंक भक्कम आणि ज्याची वॉरंटी जवळच्या शहरातून सांभाळली जाते, ते घ्यावे. मग एसएमपीएस, हवा आणि यूपीएस. पावसाळ्यात संगणक दोन-तीन दिवसांतून एकदा तरी तासभर चालू ठेवावा आणि पावसाच्या आधी आणि नंतर हीटसिंक मऊ ब्रशने साफ करावा. हे सगळे झाल्यावर पैसे उरले आणि ‘ओसी’ घ्यावेसे वाटले, तर जरूर घ्यावे. तोवर साधे कार्डच आचऱ्यात जास्त काम देईल आणि जास्त वर्षे देईल.