भुलवणीचा पक्षी

पक्षी धरण्यासाठी पक्ष्याचीच योजना करावी, ही युक्ती फार जुनी आहे. उघड्या रानात ती कशी साधते आणि ती जाणणाऱ्यांचे पुढे काय झाले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

परदेशांत रानहंसांच्या शिकारीसाठी कापणी झालेल्या शेतात खोटे हंस मांडतात. त्यांत मान खाली घालून चरणारे पुष्कळ, मान उंचावलेले थोडे. सर्वांच्याच माना वर दिसल्या, तर आकाशातील थव्यास धोक्याची शंका येते. हंस वाऱ्याला सामोरे होऊन उतरतात; म्हणून मांडणीत त्यांना उतरण्यापुरती मोकळी जागा राखावी लागते. अशा कामी जिवंत पक्षी वापरण्यास अमेरिकेने १९३५ साली बंदी केली.

आपल्याकडेही हिवाळ्यात पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून नांदूरमधमेश्वर व जायकवाडी येथे येतात आणि भोवतालच्या शेतांत चरतात. परंतु आपल्या माळावरील भुलवणीचा खरा खेळ तित्तिराचा, व त्यातील जाणकार फासेपारधी. आज मी नवीन पनवेलच्या इमारतींत राहत असलो, तरी बालपणी नगर जिल्ह्यात तो खेळ पाहिलेला आहे. पहाटे पारधी पाळीव नर तित्तिराचा पिंजरा बांधालगत ठेवी, भोवती घोड्याच्या केसांचे फासे रोवी आणि झुडपाआड बसे. पिंजऱ्यातला नर साद घाली. तित्तिरास आपल्या हद्दीत दुसरा नर खपत नाही. रानातला नर त्वेषाने धावून येई आणि त्याचा पाय फाशात अडके. हंस फसतो तो सोबतीच्या ओढीने, तित्तिर फसतो तो भांडणाच्या ईर्षेने. हा स्वभावभेद पारध्यास पुस्तकावाचून ठाऊक होता.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस आळा बसला व १९९१ च्या दुरुस्तीने लहानसहान शिकारीचे परवानेही संपले. हे योग्यच झाले. पाखरे उरली नाहीत, तर माळ मुका होईल. तथापि कायद्याने फासा काढून घेतला, पण त्या हातांस दुसरे काम कोणी दिले? शिवाय इंग्रजी अमदानीत याच समाजाच्या कपाळी गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला गेला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. लोकांच्या मनातला संशय मात्र रद्द झाला नाही.

अकोला-वाशीमकडील माळरानांवर पारधी मंडळी आता तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याच्या राखणीस हातभार लावीत आहेत. जी नजर पाखरू कोठे उतरेल हे सांगते, तीच त्याचे घरटे कोठे असेल हेही सांगते. ज्ञान तेच, केवळ हेतू पालटला. शिकार थांबवावी, पण शिकाऱ्याचे ज्ञान वाया घालवू नये. आणि त्या ज्ञानाच्या धन्यास उपाशी ठेवून आपण पाखरे वाचविली, असे तर मुळीच म्हणू नये.